घराचं काम काढताय? आधी वही, मग कॉन्ट्रॅक्टर

ओळखीत कोणी फ्लॅट घेतला की पंधरा दिवसांत फोन येतो, "अगं तुमच्याकडे काम केलेला तो कॉन्ट्रॅक्टर कसा होता, नंबर दे ना." नंबर मी देत नाही, कारण आमच्या त्या माणसाने आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या काकूंच्या देवघरावर पाडलं. पण खरं सांगायचं तर अर्धी चूक आमचीच. भांडुपचा रीसेल वनबीएचके, चावी मिळाल्याच्या आनंदात आम्ही त्याला बोलावलं, त्याने दहा मिनिटं घर बघितलं, डायरीचं एक पान फाडून त्यावर 'फुल रिनोवेशन, साडेसहा लाख' असं लिहून दिलं आणि आम्ही हो म्हणून मोकळे झालो. त्या 'फुल'मध्ये काय काय येतं हे त्याच्या डोक्यात एक, आमच्या डोक्यात दुसरं, आणि कागदावर काहीच नाही. शेवटी नऊच्या वर गेलं.

नंतर ओळखीतल्या चार-पाच घरांची कामं जवळून बघितली, सगळीकडे घोळ तोच. लोक माणूस आधी ठरवतात आणि काम नंतर. क्रम उलटा करा, अर्धी भांडणं होतच नाहीत. तर एकेक टप्पा घेऊ.

## १. चावी मिळाली म्हणून लगेच हातोडा मारू नका

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेतला असेल तर आधी ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, आहे का ते विचारा. बरेच बिल्डर ओसी यायच्या आधी 'फिट-आउट'साठी, म्हणजे आतलं काम करून घ्यायला, चावी देतात, आणि आपण भाडं वाचवायच्या घाईत काम सुरू करतो. ओसीच्या आधी आत तोडफोड करून ठेवली आणि मंजूर नकाशाप्रमाणे घर दिसलं नाही तर त्रास आपल्यालाच.

दुसरं, नवीन घरातला दोष आधी बिल्डरच्या गळ्यात घाला. रेरा (बिल्डर आणि घरखरेदीच्या) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तुम्ही बाथरूम फोडून नवीन टाइल लावलीत आणि मग गळायला लागलं तर तो पहिलं वाक्य काय बोलेल ते तुम्हाला माहितीये. म्हणून आधी घरभर फिरा, ओल, चीर, पोकळ टाइल, न लागणारी खिडकी, सगळ्याचे फोटो काढा आणि ईमेल करा. फोनवर सांगितलेलं धरू नका.

रीसेल असेल तर वेगळी गोष्ट. बिल्डिंग ३० वर्षांच्या वरची असेल तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करावं लागतं, तो रिपोर्ट सेक्रेटरीकडून मागून वाचा. त्यात तुमच्या विंगला दुरुस्ती लिहिली असेल आणि तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच पीओपी करून बसला असाल तर ते पीओपी फोडलं जाणार.

थांबा आणि तपासा: खालच्या फ्लॅटवाल्यांकडे जा, ओळख करून घ्या, आणि त्यांच्या बाथरूम-किचनच्या छताचे फोटो त्यांच्यासमोरच काढा, तारखेसकट. काम सुरू झाल्यावर आधीचा डागसुद्धा तुमच्या नावावर लागतो. आम्ही हे केलं नव्हतं, त्यामुळे काकूंच्या छतावरचा कुठला डाग जुना आणि कुठला आमचा हे आजपर्यंत ठरलेलं नाही.

## २. सोसायटीचं काम आधी उरका

अर्ज, कामाची यादी, सोसायटीने मागितलं तर नकाशा, परत मिळणारं डिपॉझिट, कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स आणि गेटपास. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे असतात त्यामुळे नियमांचा कागदच मागून घ्या आणि त्यातल्या तीन गोष्टी बघा: कामाची वेळ (दुपारी ठोकाठोक बंद असते का, रविवार चालतो का), लिफ्टमधून माल न्यायला परवानगी आहे का, आणि राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, कुठे किती दिवस ठेवता येतं. हा कागद कॉन्ट्रॅक्टरला कोटेशनच्या आधी दाखवायचा, नंतर नाही. सहाव्या मजल्यावर सिमेंटची ५० किलोची गोणी जिन्याने चढवायची असेल तर मजुरी वेगळी लागते, आणि ती कोणाच्याच कोटेशनमध्ये नसते.

पालिकेच्या परवानगीबद्दल लोकांमध्ये दोन टोकं आहेत. एकाला वाटतं काहीच लागत नाही, दुसऱ्याला वाटतं खिळा मारायलाही लागते. त्याच महापालिका कायद्याच्या कलम ३४२ मध्ये 'टेनंटेबल रिपेअर्स' म्हणून जी कामं धरलीत, म्हणजे प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, पाइप, वायरिंग, त्याला परवानगी लागत नाही. भिंत पाडणं, सरकवणं, बाथरूमची जागा बदलणं, बाल्कनी आत घेणं हे त्यात बसत नाही. आणि कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, "मॅडम, सब लोग करते है." सगळे करतात ते ठीक, पण नोटीस मालकाच्या नावाने येते.

इशारा: पाइप गॅस असेल तर ती पाइप सरकवायला कॉन्ट्रॅक्टरच्या प्लंबरला सांगू नका. महानगर गॅसकडेच अर्ज करायचा. आणि पाइप टाइलच्या किंवा बंद कपाटाच्या मागे झाकून टाकू नका, दिसायला कितीही वाईट दिसली तरी.

## ३. वही काढा

खरं काम इथे आहे आणि इथेच सगळे कंटाळा करतात. दोनशे पानी वही घ्या, एक टेप घ्या, आणि एका रविवारी रिकाम्या घरात जाऊन बसा. प्रत्येक खोलीला चार पानं. लांबी, रुंदी, उंची, दरवाजा-खिडकीचं माप स्वतः घ्या. इंटिरियरवाल्याने घेतलं असेल तरी घ्या, कारण पुढे बिल मापावरच होणार आहे.

मग खोलीत उभं राहून दिवस जगून बघा. सकाळी उठलात, चार्जर कुठे लावणार? मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एका वेळी चालतील का? वॉशिंग मशीनचं पाणी कुठे जाणार? आईंना रात्री उठल्यावर दिव्याचं बटण हाताला लागेल का? आम्ही खडू घेऊन भिंतीवर चौकोन काढले होते आणि पलंगाच्या मापाचे पेपर जमिनीवर पसरले होते, शेजाऱ्यांना वाटलं वास्तुशांतीची रांगोळी चालू आहे. पण त्यातूनच कळलं की आम्हाला जिथे बोर्ड हवा होता तिथे कपाट येतंय.

वहीत प्रत्येक खोलीखाली हे लिहा:

- काय तोडायचं, काय ठेवायचं (जुना दरवाजा ठेवायचा असेल तर तसं लिहा, नाहीतर तो संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेलेला असेल)
- इलेक्ट्रिकचे पॉइंट, एकेक मोजून
- पाण्याचे पॉइंट, गरम-गार वेगळे, गीझर, फिल्टर, मशीन
- फर्निचर, मापासकट, आतले कप्पे किती तेही
- एसी कुठे, त्याचं पाणी कुठून बाहेर जाणार

एसी दोन लावणार असाल आणि गीझर, इंडक्शनही असेल तर मीटरचा मंजूर भार पुरतो का ते बिलावर बघा. कमी असेल तर ज्याची वीज आहे, म्हणजे बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, त्यांच्याकडे वाढवायचा अर्ज आत्ताच टाका.

तपासा: वही नवऱ्याने आणि बायकोने (आणि सासूबाई असतील तर त्यांनीही) वाचून झाली का? काम अर्ध्यावर असताना "मला तर ओपन किचन हवं होतं" असं घरातलंच माणूस म्हणालं की कॉन्ट्रॅक्टरच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो बघवत नाही, कारण आता जे वाढेल ते 'एक्स्ट्रा'.

## ४. माणूस शोधणं

आधी ठरवा कुठल्या पद्धतीने करायचं. एकच कॉन्ट्रॅक्टर मटेरियलसकट सगळं करेल, किंवा तो फक्त लेबर देईल आणि माल तुम्ही आणाल, किंवा मिस्त्री, प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी सगळे वेगळे धरायचे. तिसरं सगळ्यात स्वस्त दिसतं. पण प्लंबर म्हणतो फरशीवाल्याने पाइप फोडला, फरशीवाला म्हणतो प्लंबरने नीट बसवलाच नव्हता, आणि मधे तुम्ही. रोज दोन तास साइटवर उभं राहू शकत असाल तरच त्या वाटेला जा. नोकरीवाल्या घराला माझ्या मते मधला मार्ग बरा, लेबर एका माणसाचं, महागाचा माल आपण आणायचा.

तीन माणसं बघा. तिघांना तीच वही दाखवा. आणि त्यांचं काम बघायला जाताना मागच्या महिन्यात संपलेलं घर बघू नका, नवीन असताना सगळंच चकाचक दिसतं. किमान दोन पावसाळे झालेलं घर दाखव म्हणा. तिथे गेलात की हॉल बघण्यात वेळ घालवू नका, सिंकखालचं कपाट उघडून प्लाय फुगलाय का बघा, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला खालून हात लावून ओल लागते का बघा, ड्रॉवर ओढून बघा. आणि घरमालकाला एकच प्रश्न विचारा: शेवटचे पैसे दिल्यावर फोन उचलला का?

इशारा: "उद्यापासून माणसं लावतो" म्हणणाऱ्याला जरा थांबवा. सीझनमध्ये चांगल्या माणसाकडे लगेच माणसं रिकामी नसतात. आणि तारखा ठरवताना कॅलेंडर बघा, होळी, दिवाळी-छठ, मे महिना या काळात कारागीर गावाला जातात आणि 'आठ दिवसांत येतो'चे पंचवीस होतात. जून ते सप्टेंबर प्लास्टर आणि पुट्टी वाळता वाळत नाही, जमत असेल तर गणपती झाल्यावर सुरू करा. दिवाळीला राहायला जायचंय म्हणून सप्टेंबरात सुरू केलेलं काम मी एकही वेळेत संपलेलं बघितलेलं नाही.

## ५. कोटेशन वाचणं

लमसम आकडा म्हणजे कोटेशन नाही. प्रत्येक कामासमोर माप, युनिट, रेट आणि मालाचं नाव हवं. युनिटमध्ये कसं फसतं ते सांगते.

कपाट स्क्वेअर फुटात धरतात, ते समोरच्या तोंडाचं माप, उंची गुणिले रुंदी. ७ बाय ६ चं कपाट म्हणजे ४२ फूट. पण वरचा लॉफ्ट त्यात आहे की वेगळा? आतले ड्रॉवर त्याच रेटमध्ये की नगावर? बिजागऱ्या, हँडल, चॅनल कोणाचे? मागे प्लाय लावणार की भिंतच ठेवणार? एकाने १,४०० सांगितला आणि दुसऱ्याने १,७०० तर पहिला स्वस्त असेलच असं नाही, त्याने कदाचित पाठच सोडलेली असेल.

फरशी स्क्वेअर फुटात, पण स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळी. ओट्याचा ग्रॅनाइट स्क्वेअर फुटात, पण त्याची गोल धार रनिंग फुटात, आणि सिंक-शेगडीचं भोक नगावर. पीओपी स्क्वेअर फुटात, पण कोव्ह (छताच्या कडेची दिव्यांची खाच) आणि कडा रनिंग फुटात. रंग भिंतीच्या मापाने, त्यात दरवाजा-खिडकी वजा करतो की नाही हे आधी विचारायचं. इलेक्ट्रिकमध्ये तर 'पॉइंट' हा शब्दच भांडणाचा आहे. एका बोर्डवर पाच बटणं आणि एक सॉकेट असेल तर तो सहा पॉइंट धरेल, तुम्ही एक धराल. आमच्या बिलात अडतीस पॉइंट होते, मी मोजले तर एकवीस बोर्ड, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो कारण कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

मालाच्या बाबतीत 'चांगल्या कंपनीचा' हे शब्द कोटेशनमधून खोडून टाका. त्याजागी हे लिहून घ्या:

प्लाय. किचन आणि बाथरूमच्या आसपास आयएस ७१० चा शिक्का असलेला, बाकी कोरड्या जागी आयएस ३०३ चालेल. पूर्ण शीट ८ बाय ४ ची असते, म्हणजे ३२ फूट, त्यावरून किती शीट लागतील याचा अंदाज स्वतः काढता येतो. शिक्का शीट कापायच्या आधी बघायचा, कापल्यावर तो तुकडा कुठे गेला कोणाला सांगता येत नाही.

वायर. दिवे-पंख्याला १.५ स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला २.५, एसी आणि गीझरला ४. अर्थिंग प्रत्येक सॉकेटला. डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या बोर्डात) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ही जास्तीच्या खर्चाची कटकट वाटते पण बाथरूममध्ये गीझरचा शॉक बसू नये म्हणून हीच लागते.

टाइल. बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर असतो, सगळे बॉक्स एकाच नंबरचे घ्या, मापापेक्षा दहा टक्के जास्त, आणि शेवटी एक बॉक्स माळ्यावर ठेवून द्या. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे ती नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर धरत नाही, अॅडेसिव्ह लागतं. कोटेशनमध्ये 'अॅडेसिव्हवर' हा शब्द आहे का बघा.

लाइट, वायर, स्विच घ्यायला दक्षिण मुंबईतली लोहार चाळ आणि हार्डवेअरला नागदेवी, एक दिवस सुट्टी काढून जाऊन या. तिथे जाऊन सगळं स्वस्तच मिळेल असं नाही, पण वस्तूंचे भाव आणि प्रकार कळतात आणि मग साइटवर कोणी काहीही सांगू शकत नाही. बिल तुमच्या नावाने घ्या, उरलेला बंद माल परत घेणार का ते विचारूनच पैसे द्या.

तपासा, कोटेशनमध्ये काय *नाही*: राबिट उचलणं, माल वर चढवणं, जुनी फरशी तोडणं, भिंतीतल्या झिरी (पाइप-वायरसाठी मारलेल्या खाचा) भरणं, शेवटची साफसफाई, आणि जीएसटी. पक्कं बिल म्हणाल तर १८ टक्के वर लागतील, ते धरून तुलना करा. राबिटचा प्रश्न तर हमखास राहतो. रात्री खाडीच्या कडेला किंवा रस्त्याला टाकून आला तर तो दंड आणि सोसायटीतली बोलणी तुम्हाला, म्हणून कुठे टाकणार ते विचारा. पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, कॉन्ट्रॅक्टर टाळत असेल तर तुम्हीच बोलवा.

## ६. पैसे आणि कागद

पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार केला तर उत्तमच, पण निदान कोटेशनच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, कामगार किती, सुरू कधी, संपणार कधी, आणि पैशांचे हप्ते एवढं तरी हवं. हप्ते तारखेवर बांधू नका, कामावर बांधा. 'दर शनिवारी पन्नास हजार' ही पद्धत माणसाला सोयीची पण तुमच्या हातात काही राहत नाही, पाचव्या शनिवारी अडीच लाख गेलेले असतात आणि घरात नुसत्या झिरी.

मी आता लोकांना साधारण असं सांगते: सुरुवातीला १० टक्के. तोडफोड होऊन राबिट खाली गेलं की १५. प्लंबिंग, वायरिंग आणि बाथरूमची पाण्याची टेस्ट पास झाली की २५. फरशी, ओटा झाला की २०. सुतारकाम आणि रंग झाला की २०. उरलेले १० राहायला गेल्यावर महिन्याभराने. माल तुम्ही आणणार असाल तर हे फक्त लेबरच्या रकमेवर.

तो म्हणेल माल घ्यायचाय, आगाऊ द्या. तर दुकानदाराला थेट ट्रान्सफर करा. जास्तीचं काम निघालं, आणि ते निघतंच, तर वहीच्या मागच्या पानावर तारीख, काम, रक्कम लिहून त्याची सही, किंवा व्हॉट्सअॅपवर त्याचा 'ओके' आल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. साइटवर उभ्या उभ्या "कर रे तेवढं" म्हणालात की त्याची किंमत शेवटच्या बिलात कळते.

इशारा: कॅश द्यावीच लागली तर वहीत आकडा लिहून सही घ्या. नंतर ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हीच वही कामाला येते. तक्रारीची सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरून करता येते.

## ७. कामाचा क्रम

हा क्रम मोडला की एकच काम दोनदा होतं:

१. तोडफोड आणि राबिट बाहेर
२. विटकाम, चौकटी, खिडक्या
३. भिंतीत झिरी मारून पाण्याच्या पाइप आणि वायरची पाइप, एसीची कॉपर पाइप आणि ड्रेनही आत्ताच
४. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टेस्ट
५. प्लास्टर, त्यावर सात दिवस पाणी
६. फरशी आणि ओटा, लगेच झाकून
७. पीओपी, पुट्टी, रंगाचा पहिला हात
८. सुतार
९. रंगाचा शेवटचा हात, मग स्विच, नळ, दिवे

एसीची ड्रेन पाइप लोक विसरतात. पीओपी झाल्यावर आठवते आणि मग भिंतीवरून पांढरी पाइप लोंबकळते. तिला बाहेरच्या बाजूला उतार हवा, वायरमनसमोर बाटलीने पाणी ओतून बघा.

प्लास्टरवर पाणी मारायला सोसायटीचं पाणी ठराविक वेळेलाच येतं हे आधी लक्षात घ्या, दोनशे लिटरचा ड्रम आणून ठेवा. नाहीतर संध्याकाळी कामगार म्हणतो पाणी मारलं आणि भिंत खरखरीत कोरडी.

तपासा, भिंत बंद व्हायच्या आधी: प्लंबरकडे टेस्टिंग पंप असतो. सगळे पॉइंट बंद करून पाइपमध्ये प्रेशर भरायला लावा आणि काटा रात्रभर खाली येत नाही ना बघा. मग प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप लावून, जमिनीपासून किती इंचावर पाइप आणि वायर गेली ते दिसेल असे. दोन वर्षांनी टीव्हीसाठी ड्रिल मारताना हे फोटो शोधाल.

## ८. बाथरूम, जिथे घाई करायचीच नाही

फरशीचा रंग चुकला तर गालिचा टाकता येतो. बाथरूम गळलं तर पुन्हा सगळं फोडायचं, शिवाय खालच्या फ्लॅटवाल्यांची दुरुस्ती.

जुनी टाइल काढल्यावर खालचा सैल थर पूर्ण काढून स्लॅब दिसेपर्यंत साफ करायला लावा. पाइप जिथून स्लॅबमधून जातो तो जोड आणि भिंत-जमिनीचा कोपरा, गळती बहुतेक वेळा इथूनच. ते आधी भरायचे, कोपऱ्याला गोलाई द्यायची, मग केमिकलचे दोन हात, एक उभा एक आडवा, पहिला वाळल्यावरच दुसरा. भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत. त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करत असतील तर तो त्या केमिकलच्या रक्षणासाठी आणि उतारासाठी.

मग टेस्ट. नहाणीचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाचं, तोंड घट्ट बंद करा, दारात विटांचा छोटा बांध घाला, चार इंच पाणी भरा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. ४८ तास. मधे मधे खाली जाऊन छत बघा. थोडं पाणी उन्हा-वाऱ्याने कमी होतं, पण रेघेपासून बोटभर खाली गेलं तर कुठेतरी जातंय.

आमच्याकडे काय झालं तर कॉन्ट्रॅक्टरने संध्याकाळी सहाला पाणी भरलं, सकाळी दहाला फरशीवाला येऊन उभा राहिला, "रात्रभर ठेवलं ना मॅडम, बास झालं," आणि मी ऑफिसला निघालेले होते म्हणून हो म्हटलं. रेघ मारलीच नव्हती, त्यामुळे पाणी कमी झालं होतं का हे कोणालाच माहीत नाही. तीन महिन्यांनी काकू जिना चढून वर आल्या, हातात ओला झालेला देव्हाऱ्याचा कपडा. ओल पुढे नहाणीच्या जोडातून निघाली, दीड फूट टाइल फोडायला लागली आणि तशी टाइल दुकानात उरलेली नव्हती. आता आमच्या बाथरूममध्ये एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या सहा टाइल आहेत, पाहुण्यांना डिझाइन वाटतं.

टाइल लागल्यावर एक रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर चारही कोपऱ्यांत आणि मधे वाजवा. भरलेली टाइल ठणठणीत वाजते, पोकळ टाइल बद्द. बद्द वाजली की खडूने फुली, आणि फुली मारलेली काढून पुन्हा लावल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा, जॉइंट भरल्यावर तो तयार होत नाही. उतारासाठी एक तांब्या पाणी दारापाशी ओता, नहाणीकडे स्वतःहून गेलं पाहिजे. खराट्याने ढकलावं लागलं तर उतार चुकलाय.

## ९. सुतार आणि रंग

सुतार घरात महिनाभर असतो. लॅमिनेट चिकटवायच्या आधी रोज संध्याकाळी मापं घ्या, बस. किचनच्या ट्रॉलीची मापं तुमच्या भांड्यांवरून द्या, पाच लिटरचा कुकर घेऊन जा आणि ठेवून दाखवा.

रंगात फारसं काही नाही. पुट्टीवर हात फिरवा, रात्री टॉर्च भिंतीला आडवा धरा, सगळे उंचवटे दिसतात. रंगाचे डबे तुमच्यासमोर उघडायला लावा.

## १०. शेवटची यादी

सामान हलवायच्या आधी एक दिवस रिकाम्या घरात यादी करा, प्रत्येक नळ एकदम उघडून, प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती ट्रिप होते का बघून, प्रत्येक दार-ड्रॉवर उघडून-मिटून, फ्लश सलग दोनदा ओढून. सगळं लिहा, कॉन्ट्रॅक्टरला पाठवा, सगळ्याला एकच तारीख द्या. यादी दोन-दोन कामांची देत बसलात तर तो दोन-दोन कामांसाठी पंधरा दिवसांनी येत राहतो.

सोसायटीच्या डिपॉझिटसाठी जिना, लिफ्ट आणि आवाराचे फोटो काढून सेक्रेटरीला दाखवा, आणि कामगारांचे गेटपास परत करा, हे राहिलं की डिपॉझिट अडकतं. डीबीत कुठला एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) कशाचा हे मार्करने मराठीत लिहून ठेवा.

राहिलेले १० टक्के महिन्याने द्यायचे आहेत ना, ते द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा खाली जाऊन काकूंचं छत बघून या.